उपासाच्या यादीत

चपात्यांची टोपली समोर आली तसा सिरिलने हात मागे घेतला आणि आपल्या वाटणीच्या तीन चपात्या सगळ्या बराकीला ऐकू जाईल अशा आवाजात नाकारल्या. यातून त्याच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं. कोर्टाच्या बावीस तारखांपैकी एकोणीस तारखा गाडी नाही, पोलीस नाहीत म्हणून बुडाल्या होत्या. उरलेल्या तीन वेळा त्याला कोर्टाशी जोडलेल्या जेलमधल्या टीव्हीसमोर उभं केलं. आवाज आला नाही, पुढची तारीख मात्र आली. चोरीचा माल टेम्पोतून नेल्याच्या आरोपावर दोन वर्षं सात महिने गेले होते. जज्जसमोर एकदा प्रत्यक्ष उभा राहिलास की जामीन झालाच म्हणून समज, असं वकील सांगून गेला होता. जाण्यासारखं काय होतं? तीन चपात्या, आणि एक डाळ, जिच्यात डाळ शोधावी लागायची.

संपात सोबत दोघे होते. मागणी एकच: तारखेला प्रत्यक्ष कोर्टात न्या. एक मितेश. त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि त्यालाही कोर्ट बघायचं होतं. दुसरा गुणाजी, वय त्रेसष्ट, गोदामाचा वॉचमन. चोरी झाली त्या दिवशी किल्ल्या त्याच्याकडे होत्या, एवढ्यावर चार वर्षं आत. गुणाजीला यातून काय मिळणार होतं, हे गुणाजीलाही सांगता आलं नसतं. त्याचा सरकारी वकील कसा दिसतो, हेच त्याला माहीत नव्हतं. पण विठ्ठलवाडीला राहणाऱ्या बायकोची, शेवंतीची पत्रं सिरिल त्याला वाचून दाखवायचा, उत्तरं लिहायचा. सिरिल बसला म्हणून तोही बसला.

जेलरसाहेब दुपारी वही घेऊन आले. माणूस चिडका नव्हता, ही त्यांची खरी ताकद.

"सिरिल, राखेचा बुधवार झाला ना तुमचा, उपास लागले? मग बरोबर आहे. उपासाच्या यादीत घेतो तुला. दोन केळी, उकडलेला बटाटा."

"साहेब, हा उपास देवासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

"कोर्टासाठी."

"तिकडे बटाटा चालतो का?"

बराक हसली. हसू न आलेला एकटा सिरिल. कारण आपण महिना चुकीचा निवडला, हे त्याला त्याच क्षणी कळलं. बाळकुमच्या घरी लहानपणापासून ईस्टरआधीचे चाळीस दिवस पाळलेले, म्हणून शरीर साथ देईल, एवढाच विचार त्याने केला होता. पण तेच दिवस रोज्यांचे होते. अर्धी बराक दिवसभर पाणीही घेत नव्हती. न जेवणाऱ्यांच्या त्या गर्दीत आपलं न जेवणं दिसणार कोणाला? साहेबांनी त्याच्या नावापुढे 'ख्रिश्चन उपास' लिहिलं. मितेशच्या पुढे सोमवार. गुणाजीला त्यांनी मंगळवार दिला. संप म्हणून लिहिलं असतं तर रोज डॉक्टर, रोज वजन, वर पत्र, कोर्टाला कळवणं. उपास म्हणून लिहिलं की दोन केळी.

दुसऱ्या दिवशी मितेशने केळी खाल्ली. फळ म्हणजे काय जेवण नाही रे, असं त्याने सिरिलला समजावलं. तिसऱ्या दिवशी बटाटाही फळात जमा झाला. गुणाजीने मात्र सिरिलसारखंच काही घेतलं नाही. सिरिल मिठाचं पाणी पिऊन पडून होता आणि विचार करत होता. वहीतला उपास खोडायचा तर एकच उपाय होता: कोणीतरी कोसळून दवाखान्यात जायला हवं. आपणच कोसळू म्हणून त्याने वाट पाहिली. शरीर खरंच साथ देत होतं. कोसळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गुणाजी सरकत सरकत त्याच्याजवळ आला. हातात साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची पट्टी होती. दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळायच्या आणि कुठली कधी घ्यायची ते सिरिल सांगायचा.

"ही जेवणानंतरची ना? आता जेवण तर नाय. घ्यायची का मग?"

सिरिलने पट्टी हातात घेतली. त्याच्या आईला साखर होती. एका गुड फ्रायडेला रिकाम्या पोटी हीच गोळी घेऊन ती चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कोसळली होती. दाताच्या फटीतून तिच्या तोंडात साखर कोंबणारा सिरिलच होता. त्याने पट्टी उलटी केली. सुलटी केली. मागचं बारीक अक्षर वाचल्यासारखं केलं.

"रोजची आहे ना काका. चुकवू नका."

गुणाजीने ती दोन वेळा घेतली.

पाचव्या दिवशी सकाळच्या मोजणीला तो उठला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, चार दिवस अन्न नाही. उपास हा शब्द त्या कागदावर नव्हता. मग कोर्टाने विचारलं, वरून फोन आले, आणि सोमवारी दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या. त्या महिन्यात चौतीस जणांनी जज्ज पाहिला. सिरिलला तिसऱ्या आठवड्यात जामीन झाला, मितेशला पाचव्या. सगळ्यांआधी सुटला गुणाजी. चार वर्षं जामीन न मिळालेला माणूस बारा दिवसांत बाहेर आला, कारण आता त्याला धुवायला-पुसायला माणूस लागत होता आणि तो जेलकडे नव्हता. जेलरसाहेबांच्या वहीप्रमाणे संप झालाच नाही.

सिरिल बाळकुमला घरी पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोने, रीटाने गुणाजीचा विषय काढला. जेलबाहेर मुलाखतीच्या रांगेत तिची आणि शेवंतीची ओळख झाली होती. शेवंतीचे दोन फोन येऊन गेले होते.

"जाऊन ये," रीटा म्हणाली. "सारखं तुझं नाव घेतात त्या. देवाचं घ्यावं तसं."

विठ्ठलवाडीच्या खोलीत गुणाजी खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, ओठ घट्ट मिटलेले. शेवंतीने सिरिलला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडले. तुमच्यामुळे घरी आले, म्हणाली. डॉक्टर म्हणतात साखर फार खाली गेलेली, मेंदूला इजा झाली. गुणाजी तिलाही ओळखत नव्हता.

"जेलवाले म्हणतात मंगळवार करायचे. आयुष्यात कधी उपास केला नाय हो यांनी. आणि आता तोंडच उघडत नाय. नळीने किती दिवस घालू? सिरिलभाऊ, तुमचं ऐकायचे ना. तुम्ही सांगून बघा."

सिरिल खुर्चीवरून उठून खाटेच्या कडेला बसला. खालच्या आवाजात म्हणाला,

"काका, मागणी मान्य झाली. खा आता."

गुणाजीने मान वळवली. सिरिलकडे एकटक पाहिलं. आणि तोंड उघडलं.

शेवंतीने घाईघाईने वरणभाताचा घास पुढे केला. तो गिळला आणि ओठ पुन्हा मिटले. पुढच्या घासाला सिरिलला पुन्हा तेच म्हणावं लागलं. आणि त्याच्या पुढच्याही. अकरा घास झाले तेव्हा शेवंती पदराने डोळे पुसत हसत होती, आणि सिरिलचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"उद्या येणार ना?" तिने विचारलं.

त्या आठवड्यात तो तीनदा आला. पुढच्या आठवड्यात एकदा. मग टेम्पोवर काम लागलं.

शेवंतीने पोळीभाजी केंद्रावरचं काम सोडलं, कारण एका जेवणाला दीड तास जातो आणि जेवणं दोन. तिच्या आवाजाला सुरुवातीला तोंड उघडेना. मग तिने आवाज थोडा जड करून, सिरिल म्हणायचा तसं म्हणून पाहिलं. उघडलं. आता दर घासाला ती न चुकता सांगते, मागणी मान्य झाली. दिवसाचे चाळीसेक घास होतात. कसली मागणी, ते तिला कोणी सांगितलेलं नाही.