आधी मंडप, मग छप्पर

मी ताडपत्री बोलतेय. निळी, जाड, चारही कडांना दोरी ओवायची भोकं असलेली. मला बोलायची सवय नाही, वाऱ्यात फडफडते तेवढंच. तेव्हा सांगता सांगता थोडा पसारा झाला तर सांभाळून घ्या. नीट घडी घालून बोलणं मला जमेलच असं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रातून बाहेर आले तेव्हा एका माणसाने मला चौकटीवर ताणलं, वर बादलीभर पाणी ओतलं आणि खालून हात फिरवला. हात कोरडाच राहिला. तो म्हणाला, "चला, ही पास." आयुष्यात मला मिळालेली पदवी ती एवढीच. पण खरं सांगते, मला तिचा फार अभिमान होता. पाणी वर राहील आणि माणसं खाली कोरडी राहतील. याहून मोठं काही करायची माझी इच्छा नव्हती आणि ऐपतही नव्हती.

गठ्ठ्यातल्या बहिणींबरोबर मी थेट एका चर्चच्या हॉलमध्ये आले. डोंगरापलीकडच्या गावांत वादळ होऊन गेलं होतं. भिंती उभ्या होत्या, छपरं उडाली होती. मदतीचं काम बघणाऱ्या सिस्टरनी रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत जमलेल्या दानातून सगळ्यात आधी आम्हाला मागवलं. त्या बुटक्या होत्या, भरभर चालायच्या आणि त्याहून भरभर बोलायच्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या.

हॉलमध्ये आमच्या शेजारी दान आलेल्या कपड्यांचा डोंगर होता. तो बघून माझा माणसांबद्दलचा आदर बराच खाली आला. एका पायाचा बूट. पोहायचा पोशाख. खिसा फाटलेला पाहुण्याघरी मिरवायचा कोट. ज्याची चेन लागत नाही तो झगा. लोकांनी संकटग्रस्तांसाठी मन मोकळं केलं होतं की कपाट, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कपडे निवडायला केकवाल्या काकू बसल्या होत्या. दर सणाला त्यांचा केकचा स्टॉल असतो, म्हणून हे नाव. त्यांनी पोहायचा पोशाख उचलून धरला आणि म्हणाल्या, "हा कुठल्या ढिगात टाकू?"

"कचऱ्यात," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, चांगला आहे की! आणि त्यांना काय, आता काहीही चालेल."

त्यांना काय, काहीही चालेल. हे वाक्य त्या हॉलमध्ये मी इतक्यांदा ऐकलं की ते प्रार्थनेचाच भाग असावं असं मला वाटू लागलं.

त्याच दुपारी समितीची बैठक बसली. समितीचे चेअरमन बांधकामाचे मोठे ठेकेदार. बोलताना डोळे मिटायचे. ऐकतानाही मिटायचे, पण तेव्हा ते वेगळ्या कारणाने. बैठक चालू असताना सिस्टरना वादळाच्या गावातल्या नर्सचा फोन आला. सिस्टरनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"सिस्टर, इथे एक बाळंतीण टेबलाखाली झोपतेय. बाळ वादळाच्याच रात्रीचं आहे. नवरा रस्त्यावरची झाडं उचलायला जातो, घरात सासू आणि ही. वर टाकायला काहीतरी लवकर पाठवा हो. आणखी एक पाऊस झाला तर त्या टेबलाचंही काही खरं नाही."

"अरेरे," सगळे म्हणाले. काकूंनी डोळे टिपले. मग बैठक परत रविवारच्या मेळ्यातल्या केकच्या स्टॉलकडे वळली.

सिस्टरनी मला गठ्ठ्यातून काढलं, वर ठेवलं आणि थोपटून म्हणाल्या, "ही त्या बाळाच्या घरी. शनिवारी सकाळी ट्रक निघाला पाहिजे."

त्या क्षणापासून माझा जीव टांगणीला लागला. मी कधी बाळ पाहिलं नव्हतं. मी पुरेन का? कोपऱ्यातून ओल आली तर? उन्हात फार तापले आणि बाळाला उकडलं तर? वाऱ्याने फडफडून त्याची झोप मोडली तर? मला माहीत आहे, ताडपत्रीने इतका विचार करू नये. पण एकदा कुणाचं तरी बाळ तुमच्यावर सोपवलं की मग डोकं थाऱ्यावर राहत नाही.

शनिवारी ट्रक निघाला नाही. कारण त्या चर्चची एक रीत होती. मदतीची एकही वस्तू बिशपनी आशीर्वाद दिल्याशिवाय आणि तिच्याबरोबर फोटो निघाल्याशिवाय फाटकाबाहेर जात नसे. बिशप येणार रविवारी, वादळग्रस्तांसाठी भरवलेल्या मेळ्याला. गाणी, खेळ, केक, भाषणं आणि दानपेटी.

"आशीर्वाद रविवारी मागून द्या की. देव काय फाटकापाशीच थांबतो का?" सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही फार घाई करता. देवाचं काम शांतपणे करावं," चेअरमन डोळे मिटून म्हणाले.

"पाऊस शांतपणे येणार नाही, चेअरमनसाहेब."

पाऊस हा शब्द ऐकून चेअरमननी डोळे उघडले. पण त्यांना ते गाव आठवलं नव्हतं, बिशप आठवले होते. मैदानावर पाऊस आला तर? बिशप भिजतील. केक भिजतील. आणि हॉलमध्ये तर नव्याकोऱ्या ताडपत्र्या पडल्याच आहेत! एका दिवसाचा तर प्रश्न.

"बिशपना मी माझी छत्री देते," सिस्टर म्हणाल्या.

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मंडपवाले आले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं. कडेच्या भोकांतून दोऱ्या ओवल्या, तिथवर ठीक होतं. पण मधोमध पंखे टांगायचे होते, दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या आणि 'वादळग्रस्तांना मायेचं छत्र' असा लांबलचक फलक लावायचा होता. हे सगळं ज्या तारांनी टांगायचं, त्या तारा माझ्यातूनच आरपार काढल्या. बादलीभर पाण्याला दाद न देणारी मी. 'मायेचं छत्र' लिहिण्यासाठी छत्राला भोकं पाडणारी माणसं मी पहिल्यांदा बघत होते.

रविवारी लख्ख ऊन पडलं. थेंबही नाही. माझ्याखाली बसून बिशप घाम पुसत होते.

चेअरमनांचं भाषण फार रंगलं. "आज त्या तिकडे एक आई आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन टेबलाखाली झोपली आहे! तिच्या डोक्यावर छप्पर नाही!" बायका रडल्या. पुरुष खाकरले. दानपेटी हातोहात फिरली. आणि त्या आईचं छप्पर ह्या सगळ्यांच्या डोक्यावर, पंखा धरून लटकत होतं. कुणीतरी मान वर करेल म्हणून मी वाट पाहिली. एकट्या सिस्टरनी केली तेवढी. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मग बिशपनी मदतीच्या ढिगावर पवित्र पाणी शिंपडलं. एका पायाच्या बुटाला आशीर्वाद मिळाला. पोहायच्या पोशाखालाही मिळाला, काकूंनी तो हळूच परत ढिगात सरकवला होता. मला काही मिळाला नाही. मी वर होते आणि पाणी वर उडत नाही. ज्या आशीर्वादासाठी ट्रक थांबला होता, तो माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही.

उंचावरून मला मात्र दुसरं काहीतरी दिसत होतं. डोंगरापलीकडे आभाळ काळं झालं होतं. खाली केकचा शेवटचा तुकडा कुणाला यावर हसणं चाललं होतं आणि तिकडे एकसारख्या विजा चमकत होत्या.

सोमवारी मला मंडपावरून उतरवून ट्रकमध्ये टाकलं, आणि फोटो काढणाऱ्याला घेऊन चेअरमनही बरोबर निघाले. आम्ही पोहोचलो तेव्हा गावात चिखल होता. ते घर सापडलं. चार भिंती, मधे उलटं पडलेलं टेबल. सासूबाई एकट्याच ओली गोधडी पिळत होत्या. रविवारच्या पावसात घरात पाणी शिरलं, टेबल सरकलं, बाळ भिजलं. त्याला धाप लागली. नर्सने मायलेकरांना मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

चेअरमनांचा चेहरा खरंच उतरला. म्हणाले, "म्हणजे फोटोला बाळ नाही?"

मग त्यांनी सासूबाईंच्या हातात माझी घडी दिली आणि स्वतः दुसरी बाजू धरली. फोटो काढणारा म्हणाला, "आजी, जरा हसा बघू."

"कोणाला हसू?" सासूबाईंनी विचारलं.

फोटो तसाच निघाला.

संध्याकाळी बाळाच्या बापाने मला भिंतींवर ताणलं. खालून वर बघितलं, तर त्याला माझ्यातून आभाळ दिसलं. त्याने भोकांखाली एकेक भांडं मांडलं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. नंतर सिस्टर आल्या, सायकलचं पंक्चर काढायचे रबरी तुकडे आणि चिकटवायचं सोल्युशन घेऊन. स्टुलावर चढून त्यांनी स्वतः मला ठिगळं लावली. काही टिकली, काही पहिल्याच पावसात सुटली.

बाळ परत येईपर्यंत मी कशी होते ते विचारू नका. वाटेवर पावलं वाजली की माझ्या सगळ्या दोऱ्या ताठ व्हायच्या. आणि एक दिवस ते आलं. इतकंसं, आईच्या खांद्याला चिकटलेलं, श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत असलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ओल लागू द्यायची नाही. आईने घरभर नजर फिरवली आणि माझी गळणारी ठिकाणं हेरून खाट मधल्या कोरड्या पट्ट्यात ओढली.

मागच्या आठवड्यात चेअरमन आणि काकू परत आले. पुढचा मेळा ठरला होता.

"ताई, तुम्ही बाळाला घेऊन स्टेजवर यायचं," काकू लाडाने म्हणाल्या. "दोन शब्द बोलायचे. छप्पर मिळालं, आभारी आहे, एवढंच."

"येईन की. पण पाऊस नसला तर," बाळाची आई म्हणाली. "पाऊस असला की मी आणि सासूबाई आळीपाळीने भांडी रिकामी करतो. एकीलाही घर सोडून चालत नाही."

"भांडी? कशाला?" चेअरमन म्हणाले. "आम्ही तर कोरी ताडपत्री दिली होती!"

तिने बोट वर केलं. चेअरमननी वर पाहिलं. माझ्याखाली पूर्वी ते तास न् तास बसले होते, पण मला बघितलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्यांनी मला ओळखलं. त्यांचे डोळे लगेच मिटले.

"दिव्यांच्या माळांच्या तारा अशाच आरपार जातात ना, काका?" तिने विचारलं. "माझे वडील मंडपवालेच होते."

दोघं चहासाठी थांबले नाहीत.

माझं मागणं मोठं नाही. आशीर्वाद द्या, पण ट्रक थांबवून देऊ नका. रडायचं असेल तर रडा, पण ज्याच्यासाठी रडताय त्याच्याच छपराखाली बसून रडू नका. आणि काहीही चालेल असं वाटलं, तर ती वस्तू आधी स्वतःच्या लेकराच्या अंगावर घालून बघा.

आता थांबते. पाऊस वाढलाय, माझ्या पोटात पाणी साचलंय आणि सासूबाई झाडूच्या दांड्याने मला खालून वर ढकलतायत. बाळ आत्ताच झोपलंय. जरा हळू, सासूबाई. ह्या बाजूने ढकला, त्या बाजूला त्याचं डोकं आहे.