आंबट वर्ज्य

सन २००७ च्या एप्रिल महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, भर दुपारी, टोकियोच्या एदोगावा भागात, फुनाबोरी स्थानकाजवळच्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, रणजितने आमटीचा पहिला भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि उठून बाल्कनीचे काचेचे दार सरकवून बंद केले. मग चष्मा काढून फ्रिजवर ठेवला.

"आमसूल संपलंय?"

"नाही," कौमुदी म्हणाली. "वसंतात आंबट कमी करायला सांगितलंय. आंबटानं लिव्हर भडकतं."

"कुणाचं?"

तिने उत्तर दिले नाही. उत्तर न देणे हेही उत्तरच असते, आणि आपल्या बायकोचे ते उत्तर रणजितला नेहमी अचूक कळत असे. त्याने तिचे मनगट धरून हात पाठीमागे पिरगळला आणि तिचे डोके ओट्यावरच्या कपाटाच्या कडेवर आपटले. ती सावरते आहे असे दिसताच पुन्हा आपटले. गॅसवरच्या पातेल्यातली आमटी अजून कढत होती. ती त्याने पळीने तिच्या त्याच हातावर ओतली. पलीकडच्या खोलीत त्यांची आठ वर्षांची मुलगी आर्या टीव्ही पाहत होती. तिने मान न वळवता आवाज वाढवला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. तोयोसुच्या ऑफिसातून फोन होता. रणजितने कौमुदीचा हात सोडला, घसा साफ केला आणि बंद पडलेल्या कुठल्याशा सर्व्हरविषयी अत्यंत सौम्य इंग्रजीत बोलला. पलीकडचा माणूस 'रणजित-सान, रणजित-सान' करीत माफी मागत होता. रणजितने हसून त्याची समजूत घातली. फोन बंद केला, परत स्वयंपाकघरात आला आणि फरशीवर बसलेल्या कौमुदीच्या बरगडीत लाथ मारली.

मग तो शांत झाला. कौमुदीने हात नळाखाली धरला.

तिने सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केली होती. लग्नापूर्वी पुण्यात शिकवत असे. पुराव्यावाचून काही मानू नये, हा तिचा स्वभाव. वर्षापूर्वी पाठदुखीसाठी ती स्थानकाशेजारच्या चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तेथील भिंतीवर एक तक्ता होता: कोणता ऋतू, त्याचे कोणते इंद्रिय, त्या इंद्रियाची कोणती भावना. वसंतासमोर यकृत होते आणि यकृतासमोर राग. ती त्या तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. त्या दिवसापासून तिला सारे उलगडत गेले. उन्हाळ्यात रणजितने तिचे बोट मोडले, ती हृदयातली उष्णता होती. शरदात तिला केसांना धरून दारापर्यंत फरफटत नेले, तो फुप्फुसांचा कोरडेपणा. जानेवारीत पातळ गाऊनवर बाल्कनीत कोंडले, कारण मूत्रपिंडे गारठली होती. तिने उन्हाळ्यात कारली केली, शरदात नासपती शिजवून दिली, थंडीत काळे तीळ आणि काळे हरभरे. जो सिद्धान्त कोणत्याही पुराव्याने खोटा पडत नाही त्याच्याकडे संशयाने पाहावे, असे तिने वर्गात अनेकदा बजावले होते. पण तो वर्ग होता. हे घर होते, आणि या सिद्धान्तावाचून घरात राहण्यासारखे काही उरत नव्हते.

आणखी तीन वर्षे टोकियोतच राहण्याचा होकार रणजित सोमवारी कंपनीला कळवणार होता. पुण्याहून तिचा भाऊ निहार सतत फोन करी.

"ताई, तिकिटं मी काढतो. तू फक्त आर्याला घेऊन नीघ."

"आजारी माणसाला टाकून येऊ? बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आईनं टाकलं होतं का त्यांना?"

आजार आहे, म्हणजे उपचार आहे. आणि उपचार आहे तोवर निघून जाणे नाही. या एका वाक्यावर ती उभी होती.

"दाखव," रणजित आता तिच्याजवळ येऊन म्हणाला. त्याने चष्मा घातला होता आणि हातात मलमाची नळी होती. भाजलेल्या कातडीवर त्याने मलम हळुवार पसरले, पट्टी गुंडाळली. "आज तुझ्या त्या लिन बाईंची वेळ घेतली आहेस ना? चल, दाखवूनच टाकू. वसंत आहे बाई, माझा तरी काय इलाज?"

स्थानकाशेजारच्या त्या दवाखान्याच्या डॉक्टर लिन साठीच्या होत्या. तरुणपणीच चीनमधून येऊन येथे स्थायिक झालेल्या. आजवर त्यांनी कौमुदीच्या सांगण्यावरून पथ्ये दिली होती, परंतु वसंताचा काढा रोग्याला पाहिल्याशिवाय देणार नाही, असे या वेळी स्पष्ट सांगितले होते.

"मी सांगते त्यांना," कौमुदी म्हणाली.

"तुझं जॅपनीज भाजीवाल्यापुरतं, माझं तेवढंही नाही," रणजित म्हणाला. "आर्या सांगेल. काय गं, इंटरप्रिटर मॅडम?"

"हाय," आर्याने जपानीत होकार दिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीन बोटे रणजितच्या उजव्या मनगटावर ठेवली, मग डाव्या. जीभ पाहिली, जिभेखालच्या शिरा पाहिल्या, पापण्या ओढून डोळे पाहिले. त्या जपानीत विचारीत. आर्या मराठीत सांगे.

"झोप लागते का?"

"मस्त."

"डोकं दुखतं का? तोंड कडू होतं का?"

"नाही बुवा."

"बाबा, शी नीट होते का?"

"अगदी जपानी ट्रेनसारखी. सांग त्यांना."

आर्याने ते सांगितले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांची बोटे पुन्हा रणजितच्या मनगटावर होती. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तो कौमुदीला समजला: राग केव्हा येतो?

आर्याने तो बापाला सांगितला नाही. तिने स्वतःच उत्तर दिले, शाळेत उभे राहून धडा म्हणावा तशा सपाट जपानीत. राग घरी येतो. ट्रेनमध्ये येत नाही, ऑफिसात येत नाही. आधी बाल्कनीचे दार लावतात, म्हणजे शेजारी ऐकू जात नाही. मग चष्मा काढतात, म्हणजे फुटत नाही. मध्येच फोन आला तर थांबतात, छान बोलतात. फोन झाला की मारतात. उन्हाळ्यातही असेच, थंडीतही असेच.

कौमुदीला यातला शब्द न् शब्द कळला. भाजीवाल्यापुरत्या जपानीत हे सारे शब्द होते.

"एवढं काय सांगत्येय ही?" रणजितने हसून विचारले.

"तुमच्याबद्दल," आर्या म्हणाली.

डॉक्टरांनी त्याच्या मनगटावरची बोटे उचलली. त्यांची दृष्टी कौमुदीच्या बाहीखालून डोकावणाऱ्या पट्टीवर गेली आणि तेथून तिच्या कपाळाच्या कडेवर, जेथे केस पुढे ओढलेले होते. कौमुदीने केस आणखी पुढे ओढले.

"सेन्सेई," ती घाईने डॉक्टरांना म्हणाली. तिचे जपानी तुटत होते. "वसंताचं औषध. कृपा करून. मी रोज उकळीन. आंबट बंद केलंय, सगळं बंद केलंय."

डॉक्टर लिन उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या रणजित आणि कौमुदी यांच्या मधल्या जागेत येऊन उभ्या राहिल्या, त्याच्याकडे पाठ करून. मग त्या कौमुदीशी बोलल्या, लहान मुलाशी बोलावे तशा सावकाश आणि सोप्या शब्दांत. वाक्य छोटे होते.



"झालं ना?" रणजित खुर्चीतून उठत म्हणाला. "काढा कुठला, कधी घ्यायचा, विचारून घे आणि चल."

"आर्या," कौमुदी म्हणाली, "काय म्हणाल्या त्या? मराठीत सांग."

"तुला कळलं, आई."

"तरी सांग."

घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नालाही जपानीत उत्तर देणारी ती मुलगी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला खेटून उभी राहिली. बापाकडे न पाहता ती स्वच्छ मराठीत म्हणाली,

"बाबांना कुठलाही आजार नाहीये."