आधी माझ्यावर

मी एक जुना, हातात मावणारा गेमचा कन्सोल आहे. मित्रांनो, आजवर मी एकोणचाळीस वेळा मेलो आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात थोडा थकवा जाणवला तर समजून घ्या.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिल्या घरी तीन वर्षं माझे लाड झाले. पुढे नवा कन्सोल आला आणि माझी रवानगी खणात, तुटक्या चार्जरच्या शेजारी झाली. त्याच सुमारास कंपनीनं जाहीर केलं की माझ्या जातीच्या कन्सोलची दुरुस्ती यापुढे होणार नाही. म्हणजे ज्यांनी घडवलं, त्यांनीही हात झटकले.

त्या खणातून मला मुग्धाताईंनी मागून आणलं. ताई नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. कॉलेजातून आल्यावर त्या माझ्यासारख्या टाकून दिलेल्यांसाठी एम्युलेटर लिहितात. एम्युलेटर म्हणजे असा प्रोग्राम, की तो घातला की मी माझ्याहूनही जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो. जी यंत्रं आता भंगारातही सापडत नाहीत, त्यांचे गेम माझ्यावर चालतात. या कामात ब्राझीलमधला एक जण आवाजाचं बघतो, पोलंडमधल्या एक बाई चित्रांचं. कुणी कुणाला पाहिलेलं नाही आणि कुणाला पगारही नाही. सगळं हौसेनं चाललेलं.

यात माझं काम एकच. नवी आवृत्ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट द्यायची वेळ आली की ताई ती आधी माझ्यावर चालवून बघतात. चूक निघाली तर मी मरतो, लोकांचे कन्सोल वाचतात. मग ताई माझ्या पाठीचे स्क्रू काढतात, बारीक वायरी जोडतात आणि मला उठवतात. स्क्रू केव्हाच झिजले. आता पाठ चिकटपट्टीवर टिकून आहे.

आणि लोक काय लिहायचे? ‘नवीन कधी येणार?’ ‘आवाज अजून अडकतोय, झोपलात का?’ सुरुवातीला कुणीकुणी ‘छान’ म्हणायचं, पुढे तेही आटलं. ताई घरी आल्या की आधी हे सगळं वाचायच्या आणि समोरचा चहा गार व्हायचा. मला फार राग यायचा. पण मला स्पीकर असला तरी मनातलं बोलायची सोय नाही.

गेल्या वर्षी माझी मेमरी पुसून पुसून पार झिजली. आणखी एक-दोनदा मेलो तर उठणार नाही, हे ताईंना कळलं होतं. म्हणून पुढची आवृत्ती तयार झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “राहू दे बाबा तुला. बदल एवढासाच तर आहे.” आणि त्यांनी नवी आवृत्ती तशीच सगळ्यांना देऊन टाकली.

नेमकी तिथंच चूक होती. अकरा जणांचे कन्सोल एका दिवसात बंद पडले. लोकांनी ताईंना नाही नाही ते लिहिलं. ताईंनी माफी मागितली आणि खाली लिहिलं, ‘दुरुस्तीचा उपाय शोधून देते. त्यानंतर हे काम मी थांबवते आहे.’

उपाय शोधायचा तर तीच चुकीची आवृत्ती माझ्यात घालायची, मला मुद्दाम मारायचं आणि उठवून बघायचं. तीन दिवस ताई मला हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या.

चौथ्या दिवशी, रविवारी, दारात दोघं उभे होते. तनुजा ही ताईंची जुनी विद्यार्थिनी, आता इस्लापूरला शाळेत शिकवते. सोबत तिचे वडील ग्यानोबा. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं, पण नुसता रबरी चेंडू दाबून माणूस कंटाळतो. तनुजानं विनंती केली म्हणून ताईंनी एम्युलेटरमध्ये गेमचा वेग कमी करायची सोय केली होती. तेव्हापासून ग्यानोबा रोज तासभर गाड्यांची शर्यत खेळायचे. बंद पडलेल्या अकरांत त्यांचाही कन्सोल होता.

ताईंना वाटलं, आता दोन शब्द ऐकून घ्यावे लागणार.

“म्याडम, आमी भांडाया न्हाई आलो,” ग्यानोबा खुर्चीवर टेकत म्हणाले. “तुमी काम बंद करून राहिल्या म्हणं?”

“दमले मी, काका,” ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

“दमल्या तर बसा की. कोन न्हाई म्हनलंय?” त्यांनी पिशवीतून आपला बंद कन्सोल काढला आणि टेबलावर ठेवला. “उपाव शोधायचा हाय ना? याच्यावर शोधा. त्या म्हाताऱ्याला कशाला तरास देता?”

म्हातारा म्हणजे मी, टेबलावर शेजारीच चिकटपट्टी लावून पडलेला.

“काका, हा कायमचा जाईल कदाचित. मग तुमच्या बोटांचं काय?”

“गेला तर चेंडू हाय. लई खेळलो म्या.”

मित्रांनो, आजवर सगळे काहीतरी मागायला आले होते. आपलं यंत्र पुढे करणारा हा पहिलाच माणूस. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

ताईंनी ग्यानोबांचा कन्सोल उघडला. पहिला प्रयत्न फसला, दुसराही. तनुजानं स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. तिसऱ्यांदा वायरी जोडल्यावर बऱ्याच वेळानं पडदा उजळला. ताईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि तिथंच बसून उरलेल्या दहा जणांसाठी उपाय लिहून काढला. दोघं संध्याकाळच्या बसनं परतले. दहांपैकी सात जणांनी ‘झालं’ एवढंही कळवलं नाही. जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी ताईंच्या फोनवर निरोप आला: ‘मशीन चालू हाय. तुमी जेवल्या का?’ खाली तनुजानं लिहिलं होतं, ‘आबांनी उजव्या हातानं टाइप केलंय. अर्धा तास लागला.’

ताईंनी लगेच सगळ्यांना कळवलं की काम बंद होणार नाही, पण तीन महिने काही नवीन येणार नाही. मग उठून ताट वाढून घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला फुकट मिळालेल्या वस्तूत कुणाच्या तरी संध्याकाळी गेलेल्या असतात. बिघाड झाला तर जरूर कळवा, त्याचा उपयोगच होतो. पण पहिल्या ओळीत त्या माणसाची विचारपूस करा. ‘नवीन कधी येणार’ हे दुसऱ्या ओळीत विचारलं तरी चालेल.