बिनफुलांच्या गाई

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरांतून बसभर पाहुणे फिरवणं हे माझं काम, आणि ते माझ्याइतकं चांगलं कोणाला जमत नाही. पाऊस असला तरी माझे पाहुणे खूश, धुकं असलं तरी खूश. समोर काही दिसत नसताना कुठलं शिखर कुठे आहे ते मी असं सांगते की लोक फोटो काढतात. सव्वीस वर्षांत माझ्या गटाकडून एक तक्रार गेलेली नाही.

तरी यंदा सहल कंपनीच्या मालकाला, ओब्रिस्टला, वाटायला लागलं होतं की गाईडऐवजी कानात घालायचं यंत्र स्वस्त पडेल. "नोटबुर्गाबाई, सप्टेंबरची शेवटची सहल नीट पार पाडा," तो म्हणाला. "पाहुणे खूश होऊन गेले, तर पुढच्या हंगामाच्या नेमणुकीचं पत्र देतो." मी म्हटलं, "पत्र टाइप करून ठेवा." कारण शेवटच्या दिवशी आमच्या हिंटरआख गावात डोंगरावरच्या कुरणातून गाई उतरायच्या होत्या. माहितीपत्रकावर तोच फोटो होता: गाय, आणि तिच्या डोक्यावर हातभर उंच फुलांचा मुकुट. शिवाय तो कळप माझ्या भावाचा, सेव्हरिनचा. म्हणजे घरचंच काम. बसमध्ये पहिल्याच दिवशी मी छत्तीस जणांना शब्द देऊन टाकला.

माझं आणि सेव्हरिनचं भांडण नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी आई गेली आणि मी इन्सब्रुकला राहायला गेले, तेव्हापासून बोलणंच नव्हतं, एवढंच. मी दरवर्षी बस घेऊन यायचे, अर्धा तास रस्त्याकडेला उभी राहायचे, तो मान हलवून पुढे जायचा. त्याला माझ्या बसगाड्या आवडत नसत आणि मला त्याचं न आवडणं आवडत नसे.

त्या सकाळी पाहुण्यांना खानावळीत कॉफीला बसवून मी वर त्याच्या कुंपणापाशी गेले. बावीस गाई उभ्या होत्या. मुकुट भिंतीला ओळीनं टेकवलेले, गाईंची डोकी मात्र उघडी. घंटांमध्ये गवत कोंबलेलं. मला काही विचारायची गरज नव्हती. उन्हाळाभर कुरणात राहिलेला कळप एकही जनावर न गमावता आला, तरच आमच्याकडे गाई सजतात. एक जरी गेलं, तर बाकीच्या अशाच उतरतात, आवाज न करता.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या पुढे चालायची ती," सेव्हरिन म्हणाला. "परवा. धुक्यात पाय घसरला तिचा, कड्यावरून खाली."

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण डोक्यात आधी ओब्रिस्ट आला. "अरे, पण बाकीच्या तर आहेत ना? छत्तीस माणसं खाली बसलीत. त्यांना काय कळणार आहे?"

"गावाला कळेल."

"गावाला मी समजावते. एका गाईपायी माझी नोकरी घालवतोस का?"

तो माझ्याकडे वळला. "खरंच नोकरीवर आलंय?"

"आलंय."

मला वाटलं आता तो भडकेल. त्यासाठी मी चार टोमणे तयारही ठेवले होते. पण तो सरळ भिंतीपाशी गेला, एक मुकुट उचलला आणि सगळ्यात जवळच्या गाईच्या शिंगांना बांधायला लागला. दोरी काही त्याला बांधता येईना. हा माणूस डोळे मिटूनही गाठ मारेल अशा हातांचा. तीनदा सुटली. चौथ्यांदा तो गाईच्या मानेवर कपाळ टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "थांब जरा, होईल."

आमच्या वडिलांनी हे केलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनी केलं नव्हतं. हा उद्यापासून गावात तोंड दाखवू शकला नसता, आणि तरी माझ्यासाठी करत होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"सोड ते," मी म्हटलं. "दे इकडे."

"अगं, पण तुझं काम—"

"माझं काम मला येतं. तू गाई घेऊन ये."

उतरताना मी ओब्रिस्टला फोन केला. गाई सजणार नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, "त्यात काय? शेजारच्या गावातल्या चार गाई बसथांब्यावर आणून उभ्या करतो, मुकुट घालून. फोटो झाले की झालं."

"नको."

"नोटबुर्गाबाई, पत्र अजून माझ्या टेबलावर आहे."

"तिथेच राहू द्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला. 

खानावळीत मी खुर्चीवर चढले. "मंडळी, मी तुम्हाला फुलांच्या गाई दाखवते म्हणाले होते. आज त्या दिसणार नाहीत. माझ्या भावाची गाय मेली आहे."

हॅनोवरचे लुडेकेसाहेब लगेच उठले. "पत्रकात तर फोटो आहे!"

"आहे. चांगल्या वर्षाचा आहे. लुडेकेसाहेब, सजलेल्या गाई दरवर्षी कोणीही बघतं. या अशा मीसुद्धा जन्मात दोनदाच पाहिल्यात. मात्र टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. ज्याला हे जमणार नाही त्यानं इथेच बसून केक खावा, उत्तम आहे."

कोणी केक खायला थांबलं नाही. लुडेकेसाहेबही आले, कुरकुरत.

गाई आल्या तेव्हा रस्त्यावर फक्त खुरांचा आवाज होता. गावातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. फ्रीसलँडच्या हाब्बेनाबाईंनी चाळीस वर्षं दुधाचा धंदा केलेला, त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि मग माझे सगळे पाहुणे एकेक करून टोप्या काढत गेले. मी काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या मागे सेव्हरिन येत होता. माझ्यापाशी आल्यावर तो थांबला.

"यांना घेऊन घरी ये," तो म्हणाला. "कियाखल तळतो. गार झाले की चामडं होतं त्यांचं."

छत्तीस जणांचे बूट दाराबाहेर आणि छत्तीस माणसं आईच्या स्वयंपाकघरात, हातात गरम कियाखल, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोड पुऱ्या, मिशांना साखर. सेव्हरिन चुलीपाशी उभा राहून वाढत होता. पाहुण्यांशी इतका वेळ बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. हाब्बेनाबाई मेलेल्या गाईबद्दल विचारत होत्या आणि तो सांगत होता: वय नऊ, दूध भरपूर, स्वभाव वाईट. कोणाचं ऐकायची नाही, सगळ्यांच्या पुढे चालायची, वाट चुकली तरी ऐटीत चुकायची.

"नाव काय होतं हो तिचं?" हाब्बेनाबाईंनी विचारलं.

सेव्हरिननं झारा खाली ठेवला.

"नोटबुर्गा."

लुडेकेसाहेब फस्सकन हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि लुडेकेसाहेबांनी हसू आवरलं.

"आई गेली त्याच महिन्यात जन्मली," सेव्हरिन भिंतीकडे बघत म्हणाला. "ही तेव्हाच शहरात गेली. घरात रोज त्या नावानं हाक मारायची सवय होती मला. ती सवय कुठे घेऊन जाणार होतो?"

 मी उठून त्याच्याजवळ गेले, आणि छत्तीस माणसांदेखत आम्ही दोघं चुलीपाशी उभे राहून रडलो.