घरचे आंबे वेगळे

चौलच्या मोरेश्वर राऊतांना गावात कोणी नावाने हाक मारत नसे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले तरी लहानथोरांचे ते दादाच राहिले. आंबा बागायतदारांचं मंडळ निघालं तेव्हा सेक्रेटरी कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. दादांचं अक्षर चांगलं, इंग्रजी चांगलं, आणि साहेब लोकांसमोर ते अडखळत नसत.

दोन वर्षं थ्रिप्सने बागांची वाट लावली होती. डोळ्यांना नीट दिसतही नाही असा तो किडा कोवळ्या कैरीची साल खरवडतो, आणि फळ मोठं झालं की त्यावर करवंटीसारखा खडबडीत डाग उरतो. असा आंबा बाजारात कोणी हातात घेत नाही. नेहमीची औषधं मारून माणसं थकली. परदेशात चालणारं एक नवं औषध होतं, पण आपल्याकडे आंब्यावर त्याला मान्यता नव्हती. ती तातडीने मिळावी म्हणून दादांनी किती अर्ज केले, किती वेळा मुंबईला गेले! अधिकाऱ्यांना त्यांनी स्वतः वाड्यांमधून फिरवलं. "आमचे बागायतदार शिकलेले आहेत, साहेब. तुम्ही घालाल ती अट पाळू. माझा शब्द आहे," असं ते प्रत्येकाला सांगत.

शेवटी मार्चमध्ये त्या एका हंगामापुरती परवानगी आली. देवळाच्या सभामंडपात दादांनी सगळ्यांना अटी वाचून दाखवल्या. मोहोर उमललेला असताना मारायचं नाही. तोंडाला फडकं नव्हे, मास्क बांधायचा. वाडीच्या दाराशी फवारणीच्या तारखेचा बोर्ड लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फवारणीनंतर महिनाभर फळ उतरवायचं नाही.

"महिना म्हणजे महिना," दादा बोट उंचावून म्हणाले होते. "एकाने गडबड केली तर सगळ्यांची परवानगी जाईल."

औषध प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत मार्च संपत आला. दादांच्या झाडांवर तोवर फळ चांगलं धरलं होतं. त्यांनी रीतसर फवारणी केली, बोर्ड लावला. फक्त विहिरीजवळची दोन झाडं सोडली. ती घरची होती. सून अमिषा सातव्या महिन्यात होती आणि तिला आंब्याचे डोहाळे लागले होते. तिच्यासाठी म्हणून त्या झाडांकडे पंप न्यायचाच नाही, असं त्यांनी गड्यांना बजावलं. यात काही चुकलं असं तेव्हा त्यांना वाटलं नाही. उलट आपण जपून वागतो याचं बरंच वाटलं.

किडा खरंच गेला. फळं अशी गुळगुळीत निघाली की बघत राहावं. महिना भरायला अजून आठवडा-दहा दिवस होते, तेव्हा वाशीच्या व्यापाऱ्याचा फोन आला. "दादा, माल आत्ता पाठवा. अक्षय्य तृतीयेला गिऱ्हाईक तुटून पडतं. नंतर गुजरातचा माल उतरून भाव पडला की मला बोलू नका."

त्या रात्री जेवताना दादा म्हणाले, "उद्यापासून उतरवायला घेतो."

त्यांच्या बायकोने, कुमुदने पोळी वाढता वाढता विचारलं, "महिना झाला?"

"झाल्यात जमा आहे. ही मंडळी अटी घालताना चार दिवस जास्तीचेच धरतात."

कुमुदने पोळ्यांचा डबा झाकला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. दादांचा आवाज असा लागला की विषय संपलेला असतो, हे तिला माहीत होतं. सकाळी गडी फळं उतरवायचे झेले घेऊन झाडांवर चढण्याआधी दादांनी दारावरचा बोर्ड स्वतः काढला आणि न्हाणीघराच्या मागे भिंतीला तोंड करून ठेवला.

माल न्यायला टेम्पो घरचाच होता, अमिषाच्या भावाचा. अमिषाचं माहेर उरणचं. वडील धर्माजी पूर्वी मिठागरात काम करायचे, आता त्यांचा मुलगा दिपेश बंदरावर ट्रेलर नि टेम्पो चालवण्याचा धंदा करत होता. मुलाने, अनीशने हे लग्न स्वतः ठरवलं तेव्हा दादांनी घरात एकदाच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हटलं होतं, "मिठागरातली माणसं. आपलं वळण त्यांना कळेल का?" लग्नानंतर मात्र व्याह्यांनी माणुसकीत कुठे कसर ठेवली नाही, आणि दादाही ते वाक्य विसरून गेले होते.

पहिली खेप दिपेश घेऊन गेला. पेट्या चढवून झाल्यावर तो हसत म्हणाला, "दादा, एक पेटी माझी हां. पोरी वाट बघतायत." गडी उभे होते. दादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "घे की," ते म्हणाले. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा त्यांच्या मनात आलं, हाक मारावी. मग वाटलं, पिकेपर्यंत आठवडा जाईलच.

दोन दिवसांनी दिपेश दुसऱ्या खेपेला आला. त्याच्या मागोमाग गाडीतून धर्माजी आणि त्यांची बायको सोनूबाई आले. अमिषाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं होतं. सोनूबाईंनी लेकीसकट सगळ्यांसाठी सुकी मासळी, पापड, काय काय आणलं होतं. कुमुदने अमिषाची ओटी भरली. चहा झाला. पडवीत खोके रचून ठेवले होते, वर गवत, आत हिरवे, टणक, एकाला एक शोभेल असे आंबे. दिपेश ते टेम्पोत चढवत होता.

निघता निघता सोनूबाई पडवीत थांबल्या. "काय पन आंबा हाय, व्याही! येक मी पोरीला नेते. अखेतीला देवाफुडं ठेवू नि मंग तिला देऊ." असं म्हणत त्यांनी एक खोका उचलून कमरेवर घेतला.

"तो नको," दादा म्हणाले.

"का?"

"ते मोजून ठेवलेत. वाशीला सांगितलेत तेवढे."

सोनूबाई हसल्या. "मंग येक कमी सांगा. तुमच्याच नातवंडासाठी नेते, चोरून न्हाय नेत." आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.

दादा पायऱ्या उतरून धावले. सोनूबाई गाडीचं दार उघडत होत्या, तेवढ्यात त्यांनी मागून खोक्याला हात घातला आणि ओढला. सोनूबाई सोडेनात, त्यांना थट्टा वाटली. मग दादांच्या तोंडाकडे बघून त्यांनी खोका सोडला. आंबे अंगणात घरंगळले.

धर्माजी तुळशीपाशी उभे होते. त्यांना वाटलं आपल्या बायकोचा अपमान झाला. त्यांचा चेहरा उतरला.

"व्याही," ते हळू म्हणाले, "येका खोक्यासाठी?"

दादांनी कुमुदकडे पाहिलं. तिने काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. कुमुद ओटीवर उभी होती, हातात हळदीकुंकवाचं तबक होतं.

"त्यावर औषध मारलंय," कुमुद म्हणाली. "तिला चालायचं नाही. अजून मुदत संपली नाही. घरचे आंबे वेगळे ठेवलेत."

धर्माजींनी खाली पडलेल्या आंब्यांकडे पाहिलं, मग टेम्पोकडे पाहिलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "मंग ह्यो माल खानार कोन?" त्यांनी विचारलं.

एवढी वर्षं शाळेत आणि सभांमध्ये ज्याला कधी उत्तर कमी पडलं नाही, तो माणूस स्वतःच्या अंगणात मान खाली घालून उभा राहिला. अमिषा त्यांच्याकडे बघत होती. तिचा हात नकळत पोटावर गेला.

टेम्पोच्या फळीवरून दिपेश खाली उतरला. "परवाचा माल?"

"तोच," दादा म्हणाले.

"मला दिली ती पेटी?"

दादांनी होकारार्थी मान हलवली. दिपेशने त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर दादांना सोपं गेलं असतं.

सोनूबाईंनी पदराला हात पुसून फोन काढला. त्यांना फोन कानाला लावायची सवय नव्हती, तो स्पीकरवरच असायचा. पलीकडून त्यांची सून गौरी बोलली.

"गौरी, परवाचं आंबं खाल्लं का गं?"

"न्हाय आई, गवतात घातलेत. पोरी सारख्या उकरून बघतायत. का?"

"खाऊ नको. पोरींना हात लावू देऊ नको. वर ठेव माळ्यावर."

"का पन? दादांच्या वाडीचे हायत ना?"

सोनूबाई गाडीकडे वळल्या. दादांना त्यांची पाठ दिसत होती. "घरी आल्यावर सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. आपल्यासमोर आपल्याबद्दल वाईट बोलायचं त्यांनी टाळलं, हे दादांना कळलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दिपेशने काही न विचारता खोके परत उतरवायला सुरुवात केली. दादांनी वाशीला फोन लावला. "पहिला माल? तो कालच गेला, दादा. फुल्ल भाव दिला तुम्हाला. किरकोळवाल्यांनी नेला, आता कुठे ठाणं नि कुठे डोंबिवली. दुसरा कधी येतोय?"

"येत नाही," दादा म्हणाले. पहिला माल आता परत मागवणं शक्य नव्हतं. कोणाला शोधणार, आणि काय सांगणार?

कुमुदने विहिरीजवळच्या झाडाचे आंबे एका पिशवीत भरून आणले. सोनूबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "वाईट वाटून घेऊ नका विहीणबाई," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पन ह्यावर न्हाय ना मारलं?"

त्या घरच्या फळाबद्दल असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नाही," दादा म्हणाले. सोनूबाईंनी पिशवी घेतली. पण गाडीत ठेवताना त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, ते दादांना दिसलं.

उतरवलेला आंबा दादांनी वाडीच्या टोकाला खड्डा खणून पुरला. झाडावर राहिलेला महिना भरल्यावर तरी विकू, असं गड्यांनी सुचवलं. तोवर अर्धा पिकून गळला होता आणि उरलेल्याला हात लावायची दादांना इच्छा नव्हती.

मेच्या शेवटी परवानगीचा आढावा घ्यायला अधिकारी आले. सभामंडप भरला होता. खजिनदार हर्षद चौलकरने दादांना पुढे बसवलं. एकेकजण उठून औषध किती गुणकारी, अटी कशा काटेकोर पाळल्या, ते सांगत होता. दादांची पाळी आली.

"मी मुदत पाळली नाही," ते म्हणाले. "बोर्ड काढला आणि माल वाशीला पाठवला. पहिली खेप विकली गेली."

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. हर्षद त्यांचा सदरा ओढून कुजबुजला, "दादा, बसा. काय करताय?"

"हे मी आपणहून सांगतोय असं समजू नका," दादा पुढे बोलले. "माझी व्याहीमंडळी त्या दिवशी नेमकी आली. आली नसती तर मी आज इथे उभा राहून तुम्हाला शिस्त शिकवत असतो."

पुढे बऱ्याच गोष्टी झाल्या. अधिकाऱ्यांनी सगळ्यांच्याच वाड्यांतून नमुने न्यायचं ठरवलं. कोणाकोणाच्या नमुन्यात काय निघालं ते गावात कुजबुजीने फिरलं. पुढच्या हंगामाची परवानगी लटकली. दादांनी सेक्रेटरीपद सोडलं, पण तेवढ्याने कोणाचं समाधान झालं नाही. "स्वतः बुडाले ते बुडाले," हर्षद नाक्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्हाला कशाला ओढलं?" काहीजणांनी दादांशी बोलणं टाकलं. दादांना याची तक्रार नव्हती.

अमिषाला मुलगी झाली. बारशाला दादा आणि कुमुद रेवसहून लाँचने करंजाला उतरले. धर्माजी स्वतः धक्क्यावर न्यायला आले होते. घरात पाहुणचारात काही कमी नव्हतं. बाळाचं नाव सई ठेवलं. सोनूबाईंनी बाळ दादांच्या मांडीवर दिलं तेव्हा ते झोपेत ओठ हलवत होतं.

जेवणानंतर दादांनी दिपेशला बाजूला गाठलं. "दिपेश, तुझी माफी मागायची राहिली आहे."

"सोडा, दादा."

"नाही, मला बोलू दे. मला माहीत होतं, आणि तरी मी तुला..."

दिपेशने मान वर केली. "माझ्या पोरी वाचल्या. मी राग धरून न्हाय. पन पुढल्या वर्षी टेम्पो दुसरा बघा. मला नका सांगू." त्याने आतल्या पोरींकडे पाहिलं. "तो माल मीच उतरवला ना वाशीला, माझ्या हातानं. लोकांनी घरी नेला असंल."

"बरोबर आहे," दादा म्हणाले.

परतताना पावसाची उघडीप होती. लाँचमध्ये समोरच्या बाकावर एक ओळखीचा चेहरा होता, दादांचा जुना विद्यार्थी, पेणला बँकेत लागलेला. त्याने वाकून नमस्कार केला.

"सर, यंदा तुमचा आंबा कसा झाला? आम्ही वाशीहून आणतो, पण तुमच्या वाडीची चव नाही त्याला."

कुमुदने दादांकडे पाहिलं. सभेत सांगितलं होतं, दिपेशला सांगितलं होतं. आता काय अवघड होतं?

"बरा झाला," दादा म्हणाले.

विद्यार्थी खूश होऊन मुलांच्या शाळेबद्दल बोलू लागला. कुमुद खाडीच्या पाण्याकडे तोंड फिरवून बसली. दादा हो-हो म्हणत राहिले, आणि रेवसचा धक्का येईपर्यंत त्यांना तिच्याकडे एकदाही बघवलं नाही.