सोढींचा निरोप

विश्वनाथ किरकिरे निवृत्त राजदूत होते आणि चंडीगडला विद्यापीठात शिकवायचे. पाकिस्तानशी बोलणं तोडू नका, हे ते वीस वर्षं सांगत आले होते. त्यावरून निवृत्त जनरल सोढींनी टीव्हीवर त्यांना देशद्रोही म्हटलं आणि चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या मैत्रिणींनी त्यांच्या पत्नी सुनेत्राताईंना हळदीकुंकवाला बोलावणंही बंद केलं. बायकोचा तो अपमान विश्वनाथांच्या मनात सलत राहिला.

परवाच्या परिसंवादात सोढी पुन्हा उठले. "साहेबांना दुश्मनाचा फार पुळका आहे जी!" सभागृह हसलं.

विश्वनाथांनी शांतपणे फोन काढला आणि सोढींनीच वर्षापूर्वी पाठवलेला निरोप वाचून दाखवला. सोढींचा पुतण्या तेव्हा सीमेपलीकडे कैदेत होता. "तुमच्या लाहोरच्या प्राध्यापक रहमानींना विचारा, तो जिवंत आहे का. पाया पडतो." रहमानींनी गुपचूप खबर काढून दिली होती.

सोढी मटकन खाली बसले. विश्वनाथांचा जीव थंड झाला. घरी येताच त्यांनी सुनेत्राताईंना सगळं रंगवून सांगितलं.

"तोंड कसं झालं हो त्याचं?" सुनेत्राताईंनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहमानींचा फोन आला. "तुमच्या परिसंवादाच्या बातमीत माझं नाव इथल्या पेपरात आलंय. चौकशी सुरू झाली. आता मला फोन करू नका, साहेब."

विश्वनाथांनी लगेच उलट फोन लावला, तो बंद होता. सीमेपलीकडे त्यांचं ऐकून घेणारा तेवढाच एक माणूस होता. तरीही सोढींचा पडलेला चेहरा आठवला की त्यांना अजून बरंच वाटत होतं.