खोलीमागची भेंडी

कान्हूची झोप उडाली ती भेंडीपायी. भेंडीपायी झोप उडालेला माणूस अख्ख्या नंदिगड्ड्यात दुसरा सापडायचा न्हाई, पण कान्हूचं सगळंच जगावेगळं.

जन्मभर राबून त्यानं घराशेजारी एक खोली बांधली नि ती सुप्रियाला भाड्यानं दिली. पोरगी रामनगरची, गणेशगुडीच्या लॉजवर कामाला. भाडं वेळेवर, वागणं नीट. पण एक दिवस तिनं खोलीमागची वीतभर जागा खणून भेंडी लावली आणि कान्हूला बापाचं शेत आठवलं. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात कूळ होता. कायदा आला, कसणाऱ्याच्या नावावर शेत झालं नि मालक हात चोळत बसला. कान्हूनं लहानपणी हे डोळ्यांनी बघितलेलं. आता ही कसणार नि आपण हात चोळणार! बायकोनं, पुतळीनं, परोपरीनं सांगितलं, बी मीच दिलंय, गप बसा. ऐकेल तर शपथ! सुप्रिया कामाला गेली तसं त्यानं खोलीला आपलं कुलूप ठोकलं नि जोयड्याला वकिलाकडं गेला.

वकील आधी हसला, मग चिडला. म्हणाला, तो कायदा शेताचा, भाड्याच्या खोलीला लागत नाही. भेंडी लावून कुणी मालक होत नाही. पण भाडेकरूला बाहेर ठेवून कुलूप लावायचा हक्क मालकालाही नाही. खोली रिकामी करून हवी तर आधी रीतसर नोटीस द्यायची. कान्हूच्या डोक्याचा पार भुगा झाला. खोली आपली, कुलूप आपलं, आणि चूकबी आपलीच? कसलं हे त्रांगडं!

जीपमधून उतरून घरी आला तर सुप्रिया पायरीवर बसलेली. त्यानं मान खाली घालून कुलूप काढलं. ती आत गेली नि कपडे पिशवीत भरायला लागली. खोली सोडते, म्हणाली. हेच तर पाहिजे होतं की! मग काळजात चर्र का झालं, ते कान्हूला उमगेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो वकिलाचंच बोलला.

"असं एकाएकी जाता येत न्हाई, बाय. आधी नोटीस द्यावी लागतीया."

"कुलूप लावताना तुम्ही दिली होती व्हय, मामा?"

कान्हूला शरमल्यासारखं झालं. तिला थांबवायचं होतं, हात धरून पिशवी खाली ठेवायला लावायची होती. पाय उंबऱ्याशी येऊन अडला. आपल्याच खोलीत शिरायला तिला विचारावं लागतं का, हे वकिलाला विचारायचं राहूनच गेलं होतं.